पिशवी काढताना बीजकोशाचे काय?

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला बोलीत ‘पिशवी काढणे’ म्हणतात. पिशवी काढायचे ठरले की तिच्या डाव्या-उजव्या अंगाला असलेल्या दोन बीजकोशांचे काय करायचे, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. बहुतेक घरांत तो विचारलाच जात नाही, कारण पिशवीबरोबर ‘सगळेच’ निघते असा समज असतो. वास्तविक गर्भाशय आणि बीजकोश, म्हणजे दवाखान्यात ज्याला ओव्हरी म्हणतात तो अवयव, हे दोन निरनिराळे अवयव आहेत. फायब्रॉइडच्या गाठी, पाळीतला बेसुमार रक्तस्राव, अंग बाहेर येणे ही पिशवी काढण्याची नेहमीची कारणे, आणि ही सगळी दुखणी गर्भाशयाची आहेत. त्यात बीजकोश बहुधा निरोगीच असतो. तो ठेवायचा की काढायचा, हे त्याच्यापुरते स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

बीजकोश आकाराने सालासकट बदामाएवढा, साधारण ३ सेंटिमीटर लांब. एका आखूड बंधाने तो गर्भाशयाला जोडलेला असतो. दुसऱ्या बाजूने ओटीपोटाच्या भिंतीकडे जाणाऱ्या, पडद्यासारख्या बंधाने टांगलेला असतो. त्याची मुख्य धमनी या दुसऱ्या बंधातून येते. तिचा उगम खूप वर, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या जरा खाली, थेट महाधमनीत आहे. ओटीपोटातल्या अवयवाला एवढ्या दुरून रक्त येण्याचे कारण आईच्या पोटातल्या वाढीत आहे. गर्भात बीजकोश मूत्रपिंडाजवळ तयार होतो आणि नंतर खाली सरकतो. सरकताना आपली रक्तवाहिनी तो सोबत घेऊन येतो. म्हणूनच गर्भाशय नसतानाही बीजकोश जगू शकतो. याखेरीज गर्भाशयाच्या धमनीचा एक फाटाही त्याला रक्त पुरवतो. गर्भाशय काढताना हा फाटा मात्र तुटतो, आणि त्याचे परिणाम पुढे दिसतात.

शस्त्रक्रियेत हा निर्णय प्रत्यक्षात एका चिमट्याच्या जागेवर येऊन ठेपतो. सर्जनने चिमटा गर्भाशय आणि बीजकोश यांच्या मधल्या आखूड बंधावर लावला, तर बीजकोश जागच्या जागी राहतो. तोच चिमटा बीजकोशाच्या पलीकडे, मुख्य धमनी असलेल्या बंधावर लागला, तर बीजकोश गर्भाशयासह बाहेर येतो. दोन्ही जागांत अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचे. पलीकडच्या जागेजवळून मूत्रवाहिनी जाते, त्यामुळे तिथे चिमटा लावताना जास्त जपावे लागते. बाकी वेळ, टाके, पोटावरची खूण यांत फारसा फरक पडत नाही. म्हणून बाहेर वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना आत नेमके काय झाले ते कळतही नाही. त्या स्त्रीच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी मात्र हा फरक मोठा असतो.

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. उभ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे ते पाचशे. साठा संपत आला की पाळी जाते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी ५१ व्या वर्षी घडते, भारतात ४६-४७ च्या सुमारास. पण बीजकोश म्हणजे नुसता बीजांचा साठा नव्हे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके तो बनवतो, शिवाय थोडे टेस्टोस्टेरॉनही बनवतो. इस्ट्रोजेनवर गर्भाशयाखेरीज हाडे, रक्तवाहिन्या, मेंदू, त्वचा, मूत्रमार्ग आणि योनीचे अस्तर असे पुष्कळ काही अवलंबून असते.

‘मुलं झाली, आता त्याचा काय उपयोग?’ हे वाक्य या विषयात जितके नुकसान करते तितके दुसरे कुठलेही करत नसेल. पाळी गेल्यावरही बीजकोश पुरता थंड पडत नाही. सुरकुतून तो लहान होतो, तरी त्याच्या गाभ्यातल्या पेशी टेस्टोस्टेरॉन आणि अँड्रोस्टेनेडिओन ही संप्रेरके काही वर्षे बनवत राहतात. शरीरातली चरबी त्यांचे रूपांतर सौम्य इस्ट्रोजेनमध्ये करते.

नैसर्गिक रजोनिवृत्ती वर्षानुवर्षे हळूहळू येते. पाळी मागेपुढे होते, एखादा महिना चुकते, मग थांबते. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. दोन्ही बीजकोश काढल्यावर इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत कोसळते आणि टेस्टोस्टेरॉन जवळपास निम्म्यावर येते. टाके ओले असतानाच अंगातून गरम वाफा येऊ लागतात. छातीपासून चेहऱ्यापर्यंत आग उठते, रात्री पोलके घामाने भिजते, पंखा लावला की लगेच थंडी वाजते. झोप उडते, चिडचिड होते, सांधे धरतात, लघवीला जळजळ होते, संबंधाच्या वेळी दुखते. पन्नाशीत हळूहळू येणारी ही लक्षणे पस्तिशीतल्या बाईला एका आठवड्यात गाठतात, आणि ती ‘ऑपरेशनचा अशक्तपणा’ म्हणून खपवली जातात. हाडांची झीज तर काहीच जाणवू न देता चालू असते.

निरोगी बीजकोश काढण्याची परंपरा जुनी आहे. १८७२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी या सर्जनने पाळीशी जोडलेल्या त्रासांवर उपाय म्हणून एका तरुण स्त्रीचे बीजकोश काढले. त्याच वर्षी जर्मनीत आल्फ्रेड हेगार आणि इंग्लंडात लॉसन टेट हेही त्या वाटेने गेले. पुढे पाळीच्या दुखण्यापासून ‘उन्माद’ आणि वेड यांपर्यंत अनेक कारणांसाठी ही शस्त्रक्रिया झाली. बीजकोश काय काम करतो हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हते. इस्ट्रोजेन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले ते १९२९ मध्ये, म्हणजे बॅटीनंतर तब्बल ५७ वर्षांनी. पुढे विसाव्या शतकात कारण बदलले. बीजकोशाच्या कर्करोगाचे निदान उशिरा होते आणि तो जिवावर बेततो. तेव्हा पोट उघडलेच आहे तर बीजकोशही काढून टाकावा, असा विचार रुजला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीचे बीजकोश गर्भाशयाबरोबर काढणे हा कित्येक ठिकाणी शिरस्ताच झाला.

हा विचार वरवर पटण्याजोगा आहे. अवयव नाही तर त्याचा कर्करोगही नाही. पण हिशेब करताना फक्त एकाच आजाराचा विचार केला जात होता. बीजकोशाचा कर्करोग तसा विरळा आहे. अमेरिकेत साधारण ऐंशी-नव्वद स्त्रियांमागे एकीला तो आयुष्यात कधीतरी होतो, भारतात त्याहूनही कमी. हृदयविकाराने दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे. बीजकोश काढल्याने हृदयविकाराचा धोका वाढत असेल, तर एका विरळा आजारापासून वाचवताना नेहमीच्या आजाराच्या तोंडी दिल्यासारखे होईल.

हा हिशेब पुरा मांडला तो अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीने. विल्यम पार्कर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात गर्भाशय काढलेल्या ३०,११७ स्त्रियांचा २८ वर्षांचा मागोवा होता. दोन्ही बीजकोश काढलेल्यांपैकी १६.८ टक्के स्त्रिया या काळात मरण पावल्या; बीजकोश ठेवलेल्यांपैकी १३.३ टक्के. वय आणि इतर फरक जमेस धरल्यावर काढलेल्या गटात मृत्यूचा धोका १३ टक्क्यांनी जास्त निघाला. बीजकोशाच्या कर्करोगाने काढलेल्या गटात ४ जणी गेल्या, ठेवलेल्या गटात ४४. म्हणजे तो कर्करोग टळतो, हे खरेच. पण एकूण आयुर्मानाचा फायदा कोणत्याही वयोगटात दिसला नाही. पन्नाशीच्या आत बीजकोश काढलेल्या आणि इस्ट्रोजेन कधीच न घेतलेल्या स्त्रियांचे नुकसान सर्वांत ठळक होते. अमेरिकेतच मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड परगण्यात वॉल्टर रोका यांनी केलेल्या पाहणीतूनही हेच चित्र पुढे आले. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश गेलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते, आणि शस्त्रक्रिया जितक्या लहान वयात, तितका पुढे स्मृती व बुद्धी मंदावण्याचा धोका जास्त.

या पाहण्यांची एक मर्यादा सांगितली पाहिजे. कुणाचे बीजकोश काढायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते. ज्यांचे काढले त्या स्त्रिया मुळातच काही बाबतींत वेगळ्या असू शकतात. शिवाय तरुणपणी बीजकोश काढलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण घटते, हा दुसऱ्या पारड्यातला खरा फायदा आहे. तरीही लहान वयाच्या स्त्रियांबाबत निरनिराळ्या पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवतात, आणि आजचा व्यवहार्य नियम त्यातूनच निघतो. पाळी चालू असलेल्या, कर्करोगाचा विशेष धोका नसलेल्या स्त्रीचा निरोगी बीजकोश ठेवावा. काढायचा असेल तर तसे ठोस कारण दाखवावे लागेल.

अशी ठोस कारणे आहेत, आणि ती हलकी नाहीत. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला बीजकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता आयुष्यभरात ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. बीआरसीए-२ मध्ये ती कमी, तरी सर्वसामान्य स्त्रीच्या अनेक पट. त्यांना मुले झाल्यावर बीजकोश आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो, पहिल्या दोषात ३५ ते ४० व्या वर्षी, दुसऱ्यात ४० ते ४५ व्या वर्षी. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकारातही असाच विचार होतो. म्हणून आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला होता का, हा प्रश्न शस्त्रक्रियेआधी विचारलाच पाहिजे. वडिलांकडचा इतिहास बहुधा सुटतो, आणि सदोष जनुक तर वडिलांकडूनही येते. बीजकोशावर संशयास्पद गाठ असेल, तर तो निरोगी राहिलाच नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात सहसा बीजकोशही काढतात. तरुण स्त्रीत अगदी सुरुवातीचा, सौम्य प्रकारचा असेल तर ठेवण्याचा विचार होऊ शकतो. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगात बीजकोश बऱ्याचदा वाचवता येतो. पुढे किरणोपचार द्यावे लागणार असतील तर तो वर उचलून पोटाच्या कडेला टाचून ठेवतात, म्हणजे किरणांच्या माऱ्यातून सुटतो.

तीव्र एंडोमेट्रिओसिसचा प्रश्न सर्वांत अवघड. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर रुजते आणि बीजकोशाच्या इस्ट्रोजेनवर पोसली जाते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत गर्भाशय काढून बीजकोश ठेवलेल्यांपैकी ६२ टक्के स्त्रियांची वेदना परतली होती. काढलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. वर्षानुवर्षे वेदनेने पिचलेल्या स्त्रीने काढण्याचा कौल दिला, तर तो समजण्यासारखाच आहे. पण तो तिचा असावा, आणि किंमत समजून दिलेला असावा.

पाळी गेलेल्या, पन्नास ते पासष्टच्या दरम्यानच्या स्त्रियांबाबत कुणी छातीठोक सांगू नये. तिथे नफा-तोट्याची पारडी जवळपास सारखी होतात. हृदयविकार, हाडांची स्थिती, घरातला कर्करोगाचा इतिहास आणि स्त्रीच्या मनातली भीती, यांवर कौल फिरतो. ‘पोटात काही राहिले तर मला झोप लागणार नाही’ ही भीतीही विचारात घेण्याजोगी आहे, मात्र खरे आकडे सांगून झाल्यावर.

या सगळ्यात गेल्या पंचवीस वर्षांत एक मोठी गोष्ट बदलली. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या बीजवाहिन्यांत कर्करोगाच्या आधीचे बदल आढळले. पुढे स्पष्ट होत गेले, की ज्याला बीजकोशाचा कर्करोग म्हणतात त्याचा सर्वांत घातक आणि नेहमी आढळणारा प्रकार पुष्कळदा बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकात सुरू होतो आणि तिथून बीजकोशावर उतरतो. बीजवाहिनीचे काम बीज वाहून नेण्याचे. गर्भाशय गेल्यावर तिला काहीच काम उरत नाही, आणि संप्रेरके तर ती बनवतच नाही. तेव्हा वाहिन्या काढाव्यात आणि बीजकोश ठेवावेत, हा मधला मार्ग निघाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून तो मोहीम म्हणून राबवला गेला. २०२२ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवले, की अशा गटात त्या घातक प्रकाराच्या साधारण पाच केसेस अपेक्षित होत्या, प्रत्यक्षात एकही आढळली नाही. स्वीडनमधल्या पाहणीतही दोन्ही वाहिन्या काढलेल्यांत बीजकोशाच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास दोन तृतीयांशांनी कमी होते. वाहिनी काढताना बीजकोशाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या जपाव्या लागतात. पण ज्या कारणासाठी निरोगी बीजकोश काढले जात, त्याचे बरेच बळ या एका शोधाने गेले आहे.

बीजकोश ठेवून दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ची रक्ततपासणी करत राहावे, असा सल्ला काही वेळा मिळतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हे करून पाहिले गेले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार अशा नियमित तपासणीमुळे मृत्यू घटले नाहीत. विशेष धोका नसलेल्या स्त्रीला त्यामुळे काळजी आणि खर्च यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

बीजकोश ठेवले म्हणजे सगळे पूर्वीसारखे, असेही नाही. गर्भाशयाकडून येणारा रक्ताचा फाटा तुटल्यामुळे ते काही जणींत लवकर थकतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत चार वर्षांनंतर गर्भाशय काढलेल्यांपैकी १४.८ टक्के स्त्रियांचे बीजकोश निवृत्त झाले होते, न काढलेल्यांत ८ टक्के. एकच बीजकोश ठेवला तर हा धोका आणखी वाढतो. पाळी नसल्याने हा बदल चटकन कळत नाही. गरम वाफा, झोपमोड, योनीचा कोरडेपणा यांवरूनच ओळखावा लागतो. त्याउलट काही जणींना दर महिन्याला ओटीपोट जड होणे, स्तन दुखणे चालूच राहते आणि पिशवी नसताना हे कसे, म्हणून त्या घाबरतात. बीजकोश आपले चक्र चालवत असल्याची ती खूण आहे. मागे ठेवलेल्या बीजकोशासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त दाखवली जाते. ओल्मस्टेड परगण्याच्या नोंदींत तीस वर्षांत अशी वेळ ९.२ टक्के स्त्रियांवर आली. गर्भाशय कधीच न काढलेल्या स्त्रियांतही बीजकोश काढावा लागण्याचे प्रमाण ७.३ टक्के होते.

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार आहे, कारण इथे पिशवी फार लहान वयात काढली जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ३.३ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते, आणि त्यांत निम्म्याहून अधिक जणींची शस्त्रक्रिया पस्तिशीच्या आत झालेली होती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तपासलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींनी पिशवी काढल्याचे सांगितले, म्हणजे दर सहा जणींत एक. मुकादमाची उचल घेतलेली जोडी, खाडा केला तर कापला जाणारा पैसा, फडात ना पाणी ना आडोसा, आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले तर ‘पिशवी सडली, कॅन्सर होईल’ ही भीती. अशा अवस्थेत तिशीतल्या बाईचे बीजकोशही गेले, तर तिला पुढची पंधरा-वीस वर्षे रोज इस्ट्रोजेनची गोळी घ्यायला, हाडांची तपासणी करायला कोण सांगणार आणि ती ते कुठून करणार? पहाटे फडात कोयता चालवायचा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. हाडे ठिसूळ होण्याची किंमत तिच्याइतकी कुणालाच मोजावी लागत नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला.

संमतीबाबत कायदा त्याआधीच स्पष्ट झाला होता. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका अविवाहित स्त्रीने दुर्बिणीतून फक्त तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढले गेले. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शस्त्रक्रिया तिच्या संमतीविना झाल्याचा निर्णय दिला. सज्ञान, सारासार विचार करू शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने आई किंवा इतर कुणी होकार देऊ शकत नाही. एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. अपवाद एकच: थांबले तर जीव किंवा प्रकृती धोक्यात येईल अशी निकड.

म्हणून हे बोलणे भूल देण्याआधी, शक्य तर काही दिवस आधी, स्वतः त्या स्त्रीशी व्हायला हवे. बीजकोश ठेवणार की काढणार, काढणार असाल तर कशासाठी, वाहिन्यांचे काय करणार, आणि पोट उघडल्यावर बीजकोशावर काही आढळले तर कुठवर जाण्यास तिची संमती आहे, या गोष्टी तिच्या भाषेत विचारून संमतीपत्रावर स्पष्ट लिहाव्यात. छापील कागदावर गर्भाशय आणि बीजकोश एकाच ओळीत असतील, तर नको ते खोडून सही करण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

जिची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे तिने डिस्चार्ज कार्ड शोधावे. त्यावर ‘बीएसओ’ ही अक्षरे असतील तर दोन्ही बीजकोश आणि वाहिन्या काढल्या आहेत. ‘यूएसओ’ म्हणजे एका बाजूच्या. काढलेल्या भागाच्या तपासणीच्या अहवालातही ते लिहिलेले असते. दोन्ही बीजकोश पंचेचाळिशीच्या आत गेले असतील आणि स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन घेण्याबाबत स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. गर्भाशय नसल्याने एकट्या इस्ट्रोजेनवर भागते, आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एकट्या इस्ट्रोजेनने स्तनाचा कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. जोडीला हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्यावर लक्ष ठेवावे. हे उपचार शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू झाले तर उत्तम. वर्ष-दोन वर्षे उलटली असतील तरी तरुण स्त्रीला त्यांचा उपयोग होतो.